फुलपाखराचा पंख घेऊन कटकला

आत्याचा ब्रोच कापसात, कापूस होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, डबी लोकरीच्या मोज्यात आणि मोजा माझ्या उशाखाली. कोणार्क एक्सप्रेसनं पुण्याहून भुवनेश्वरपर्यंतचा दीड दिवस मी असा काढला. सोलापूर गेलं, सिकंदराबाद गेलं, विशाखापट्टणमच्या आसपास समोरच्या काकूंनी न राहवून विचारलंच, "एवढं काय आहे हो त्यात?"

फुलपाखरू आहे, म्हटलं. चांदीचं. एका पंखाची जाळी उसवलीय.

आतोबा राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात होते. 1974 साली पुरीहून परतताना कटकला उतरून त्यांनी आत्यासाठी हे घेतलं. जेमतेम दोन इंचांचं, वजनाला नऊ ग्रॅमही नाही, पण आतली तार इतकी बारीक की लांबून धुक्यासारखी दिसते. दोन वर्षांपूर्वी ते शालीत अडकलं आणि उजवा पंख आतून सुटला. पुण्यातल्या दोन सराफांनी ते हातात घेऊन परत दिलं. तिसऱ्यानं भिंग लावून बघितलं, डबी बंद केली आणि म्हणाला, "ताई, हे झाळायला गेलो तर डावा पंखही जाईल." शेवटचा आधार हुपरीचे मामा. त्यांचा जन्म पैंजणांना घुंगरू लावण्यात गेलाय, चांदीचं काही अडलं की अख्खं घर त्यांच्याकडे धावतं. त्यांनी सरळ हात जोडले. "जिथनं आणलंय तिथंच न्हे बाई."

मग नेलं.

खरं सांगायचं तर नुसत्या ब्रोचसाठी गेले नाही. मी स्वतः घरच्या घरी चांदीचे दागिने करते, वर्षाकाठी तीन-चार प्रदर्शनांत मांडते. गेल्या वर्षी एका प्रदर्शनवाल्यांनी प्रत्येक दागिन्याला कार्ड लावायची सक्ती केली आणि त्या कार्डावर एक रकाना होता 'इन्स्पिरेशन'. पहिल्या सहा कार्डांवर मी 'निसर्ग' लिहिलं. सातव्याला लाज वाटली. शेजारच्या टेबलावर 'विश्वाची स्पंदनं' होतं, म्हणजे माझंच बरं. पण तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. हातानं दागिने करणाऱ्याला खरंच सुचतं कुठून?

भुवनेश्वरहून कटक तासाभरावर. एका अंगाला महानदी, दुसऱ्या अंगाला काठजोडी, मधल्या चिंचोळ्या जमिनीवर हजार वर्षांचं गाव कोंबलेलं. 'बावन बाजार, तेपन्न गल्ली' असं इथले लोक अभिमानानं सांगतात, आणि ऑटोत बसलं की चोपन्नावी गल्लीही असावी असं वाटतं. ऑटोवाल्यानं कुठून आलात विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर तो आरशात बघून हसला, "बर्गी!"

आपण लहानपणापासून 'अटक ते कटक' ऐकतो आणि छाती फुगवतो. त्यातल्या कटकच्या टोकाला उभं राहिलं की तीच गोष्ट उलट्या बाजूनं ऐकू येते. 1751 ते 1803 हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि स्वाऱ्या करणारे बारगीर इथल्या बोलीत 'बर्गी' होऊन बसले. मी म्हटलं, आता मी लुटायला नाही, दुरुस्त करून घ्यायला आलेय. त्यानं वीस रुपये जास्तच घेतले. हिशेब चुकता.

बालीजात्रा नुकतीच संपली होती. कार्तिक पौर्णिमेला महानदीकाठी भरणारी ही जत्रा, पूर्वी इथून बाली-जावाकडे निघणाऱ्या गलबतांची आठवण म्हणून. मैदानावर आता बांबूंचे ढीग आणि उडत्या प्लास्टिकच्या पिशव्या. त्या गलबतांना इथे बोइता म्हणतात, आणि नया सडकच्या सराफी दुकानांत प्रत्येक काचेमागे एक चांदीची बोइता शीड उभारून आहे. शेजारी कोणार्कचं चाक. मोर. परत चाक. तारकसी म्हणजे चांदीच्या तारेचं जाळीकाम, कटकची ओळख. 2024 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण चाकं बघून बघून माझं डोकं गरगरायला लागलं. कोणार्कच्या मंदिराला चोवीस चाकं आहेत, नया सडकवर दर दुकानात त्याहून जास्त.

दोन दुकानं तर ओतकामाची निघाली. ओळखायची खूण सोपी आहे: दागिना उलटा करायचा. हातच्या कामात मागूनही तार सुटी दिसते, तिचा पीळ नखाला लागतो. साच्यातल्या मालात पीळ बुजलेला असतो, तार आणि चौकट एकमेकांत विरघळल्यासारखी दिसतात. मी उलटं करून बघतेय म्हटल्यावर तिसऱ्या दुकानाच्या मालकानं काही न बोलता पोऱ्याला हाक मारली आणि मागच्या गल्लीतल्या कारागिराकडे पाठवलं.

खोली आठ बाय दहा. दाराशी उंबऱ्यापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं आणि भाताच्या लोंब्या काढलेल्या. मी चप्पल हातात घेऊन अवघडून उभी. आतून एक तरुण बाई म्हणाली, "या दीदी, आज माणबसा गुरुवार, लक्ष्मीचा."

मार्गशीर्षातला गुरुवार! आमच्याकडे मार्गशीर्ष उजाडायला अजून काही दिवस होते. इथला महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. त्यांचा दुसरा गुरुवार चालू होता आणि आई अजून पुस्तक नि कलश शोधत असेल. आपल्याकडे कलश मांडतात, इथे 'माण' म्हणजे धान्य मोजायचं वेताचं माप, नव्या भाताने भरून. बाकी लक्ष्मी तीच.

कारागिराला सगळे भाईना म्हणत होते, म्हणजे दादा. मीही तेच म्हटलं. वय साठीच्या पुढं, चष्म्याला दोरी, बोटांची टोकं काळी. ती तरुण बाई त्यांची सून. भाईनांनी मोज्यातून डबी, डबीतून कापूस, कापसातून फुलपाखरू निघेपर्यंत शांतपणे वाट बघितली. मग ते डोळ्याजवळ नेलं, आडवं धरलं आणि पहिलं वाक्य बोलले, "ही तार आता कुणी ओढत नाही."

तार ओढणं म्हणजे काय ते मी हुपरीत बघितलंय, पण हे वेगळं होतं. जवळजवळ शुद्ध चांदी, कारण भेसळ वाढली की ती कडक होते आणि तुटते. लगड वितळवून कांडी करायची, कांडी रोलरमधून काढायची, मग भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून एकेक भोक लहान करत ओढत न्यायची. दर दोन-तीन भोकांनंतर तापवून मऊ करायची. शेवटी केसाएवढ्या दोन तारा घेऊन त्यांना पीळ द्यायचा आणि तो पीळ चपटा करायचा. चपट्या पट्टीची कड त्यामुळे बारीक मण्यांची रांग असल्यासारखी दिसते. तारकसीची चमचम तिथून येते, पॉलिशमधून नाही.

भाईना रोजच्या कामासाठी थांबतात त्या भोकाच्या पुढे आत्याच्या फुलपाखराची तार दोन भोकं होती. त्यांनी ओढायला घेतली. पहिली तुटली. त्यांनी तुकडा जपून डब्यात टाकला. दुसरी तुटली. सून म्हणाली, आजच्या तारेनं भरा की, कोण बघतंय. भाईना म्हणाले, "जिचं आहे ती बघेल." तिसरी आली.

मग त्यांनी पंख भरला. हे मी गुडघ्यावर हनुवटी टेकून, फूटभर अंतरावरून बघितलं. पंखाची चौकट जाड तारेची, ती शाबूत होती. चिमट्यानं पट्टीचं टोक धरायचं, दोनदा वळवायचं की एक थेंब तयार होतो. तो चौकटीत सोडायचा. डिंक नाही, काही नाही. तार स्वतःच्या ताणावर उलगडू बघते आणि चौकटीला टेकून बसते. शेजारी दुसरा थेंब, तो पहिल्याला दाबतो. असे सतरा थेंब, आणि शेवटचा बसला तेव्हा सगळा पंख स्वतःला धरून उभा. भाईनांनी तो उचलून हलवला. एकही पडला नाही. त्यानंतर टाकणखार, त्यावर झाळेची पूड मिठासारखी भुरभुरवली आणि ज्योत.

ज्योत मला द्या म्हटलं. आगाऊपणा. ब्रोचवर नाही अर्थात, त्यांनी सरावाचं एक पान दिलं. मी रोज झाळकाम करते, येईल असं वाटलं. चांदी 962 अंशांच्या आसपास वितळते, झाळ त्याच्या आधी. या दोन्हींमधला वेळ माझ्या जाड कड्यांमध्ये एक श्वासाएवढा असतो. इथे तो नव्हताच. झाळ चमकली, मी खूश झाले, आणि पानाच्या आतलं सगळं गोळा होऊन माशीच्या डोक्याएवढा मणी झाला. रिकामी चौकट तेवढी उरली.

भाईना हसले नाहीत. मणी चिमट्यानं उचलून दाखवला, "हा रवा. हाही कामाचा." दुसऱ्या डबीत असे शेकडो होते. मुद्दाम केलेले आणि चुकून झालेले, एकत्र. आमच्याकडे सराफाच्या दुकानापुढची माती झारेकरी नेतात, त्यातूनही चांदी निघते. वाया असं या धंद्यात काही जात नाही.

मग मी तो प्रश्न विचारला. डिझाइन कुठून सुचतं? प्रेरणा वगैरे? माझ्या हिंदीतला 'प्रेरणा' हा शब्द खोलीत नुसताच लोंबकळत राहिला. भाईनांनी विचार केला आणि माझी जळकी चौकट उचलली. "ही बनवली की आत जागा राहते. जागा भरायची." एवढंच. मी वाट बघितली, पण पुढे काही नव्हतं. ते परत कामाला लागले.

सून मात्र थांबली. दुपारी भाईना जेवायला गेल्यावर तिनं फळीवरून एक चपटी डबी काढली. आत कानातल्यांच्या चार जोड्या. पहिल्या क्षणी मला त्या अर्धवट वाटल्या. लांबट चौकट, आत एकच बाकदार तार, तिला दोन्ही बाजूंनी रवे, बाकी सगळं मोकळं. हवा. मग माझी नजर उंबऱ्याकडे गेली. झोटी. पिठात बुडवलेल्या बोटांनी काढलेली भाताची लोंबी: एक बाक, दोन्ही बाजूंना ठिपके. तिनं सकाळी दारात काढलं होतं तेच चांदीत होतं. फोनमध्ये तिच्याकडे गल्लीतल्या दारादारांवरच्या झोट्यांचे फोटो होते, चार वर्षांचे. प्रत्येकीचा हात वेगळा, कुणाची लोंबी वाकलेली, कुणाची ताठ.

"बाबा म्हणतात, भरली नाहीस," ती म्हणाली. "वजन नाही, मग मजुरी काय लावायची?"

मला हा वाद फार खरा वाटला, कारण तो पैशाचाही आहे. मजुरी ग्रॅमवर ठरते तिथे मोकळी जागा म्हणजे बुडीत खातं. एक ओडिसी नर्तकी तिच्याकडून घेते म्हणाली, नाचाचे नाहीत, घरी घालायचे. नाचाचा ठरलेला संच भाईनाच करतात, कमरेचा बेंगपटिया, दंडाचे, हाताचे, कानाचे. त्यात कुणी बोट घालत नाही. आमच्या कोल्हापुरी साजाचंही तसंच. एकवीस पानं: दहा अवतार, आठ अष्टमंगल, माणकाचं एक, पाचूचं एक, आणि शेवटचं डोरलं. बाविसावं करून बघा, आजी काठी घेऊन येईल. म्हणून मी सासऱ्यांच्या बाजूची की सुनेच्या, हे मला तिथे बसून ठरवता येईना. हात भाईनांचे, पण विकत मी लोंबीच घेतली.

संध्याकाळी चौधरी बाजारातून चालत आले. 1956 साली इथल्या दुर्गापूजेत देवीमागं पहिल्यांदा चांदीची तारकसीची प्रभावळ उभी राहिली, चांदी मेढ. आता शहरातल्या कितीतरी मंडळांकडे अशा मेढी आहेत, काहींची चांदी शेकडो किलोंत. पूजा संपून महिना-दीड महिना झालेला, त्यामुळे मला दिसला तो फक्त कुलूप लावलेला दरवाजा आणि त्यापुढे सायकलवर दहीबरा-आळूदम विकणारा माणूस. ताकासारख्या पातळ दह्यातले छोटे वडे, वर झणझणीत बटाट्याचा रस्सा, घुगनी, कांदा, शेव. वाचून कळणार नाही, खायला पाहिजे. दोन द्रोण खाल्ले.

दुसऱ्या दिवशी फुलपाखरू तयार होतं. आम्लाच्या पाण्यातून काढून, रिठ्यानं घासून, खडूसारखं पांढरं. डावा पंख मात्र भाईनांनी मुद्दाम घासला नव्हता, तो तसाच सावळा. त्यांनी ब्रोच तराजूत ठेवला, कालचं वजन वहीत बघितलं, वाढलेल्या चांदीचे आणि मजुरीचे मिळून सहाशे रुपये सांगितले. मी जास्त द्यायला गेले तर वही पुढे केली: आकडा लिहून झाला होता.

आत्या आता ब्याऐंशीची आहे. डबी उघडल्यावर तिनं आधी ब्रोच उलटा केला. मागची पिन उघडमीट करून बघितली.

"पिन जुनीच आहे ना? बदलली असतीस तर बघ."

"जुनीच आहे."

मग खिडकीपाशी नेऊन बराच वेळ दोन्ही पंख बघितले. "हा उजवा नवा. डावा काळा ठेवलाय, शहाणा माणूस दिसतोय. किती घेतले?"

"सहाशे."

"अगं बाई! अख्खं फुलपाखरू तीस रुपयांना आणलं होतं यांनी," असं म्हणत तिनं ते गाऊनला लावलं आणि स्वयंपाकघरात दूध उतू चाललंय का ते बघायला गेली.