सनस्क्रीन घ्यायला गेले आणि डोकं तापलं

शाळेच्या नोकरीसाठी रोज सांगली-तासगाव स्कूटीवर जाते. गालांवर वांग दिसायला लागले तेव्हा मिरजेला स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. तिथलं काम पटकन झालं. बाईंनी चिठ्ठीवर कंपनीचं नाव न लिहिता एवढंच लिहिलं: ब्रॉड स्पेक्ट्रम (म्हणजे उन्हातले यूव्हीए आणि यूव्हीबी दोन्ही किरण अडवणारं), एसपीएफ ३० किंवा जास्त, पीए+++, टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं), आयर्न ऑक्साइड असलेलं. त्वचा तेलकट म्हणून जेल बघा, असं तोंडी सांगितलं. कोरड्या त्वचेला क्रीम बरं पडतं.

मग सांगलीतल्या एका मोठ्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने चिठ्ठी उघडलीसुद्धा नाही. "ताई, एसपीएफ पन्नास देऊ का? हे घ्या, गोरं पण करतंय." मला गोरं व्हायचं नव्हतं. टिंटेड म्हटल्यावर तिने फाउंडेशन काढलं. खोक्यामागची बारीक अक्षरं वाचायला लागले तर खोकं हातातून काढून घेतलं, मागे गिऱ्हाईक थांबलंय म्हणे. हातावर लावून बघू का विचारलं, तर "फोडलं तर घ्यावं लागेल." लिपस्टिकचे टेस्टर रांगेने मांडलेले, आणि रोज तोंडभर लावायच्या वस्तूचा एकही नाही! टिंटचा रंग आपल्या रंगाशी जुळला नाही तर तोंड राख फासल्यासारखं दिसतं, ते न बघता घ्यायचं कसं?

तेवढ्यात मालक आले. "मॅडम, सत्तर घ्या, विषय संपला." मग मीही शाळा घेतली. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे कातडी भाजणाऱ्या किरणांचा आकडा. ३० असेल तर सुमारे ९७ टक्के अडतात, ५० ला ९८; पुढे फरक नावापुरता. यूव्हीए म्हणजे कातडीत खोल जाणारे, काळवंडवणारे किरण; त्यांच्यासाठी पीएपुढची अधिकची चिन्हं मोजायची. आणि वांग तर डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतात. तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं, म्हणून टिंटेड. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की. पण लोक नंबरच विचारत्यात." विषय खरंच संपला. मी रिकाम्या हाताने बाहेर.

शेवटी घराजवळच्या छोट्या मेडिकलवाल्या काकांकडे मिळालं. त्यांनी खोक्याचा फोटो काढून अक्षरं मोठी करून दाखवली, वर सॅम्पलची पुडीही दिली. ती दोन-तीन दिवस कानामागे लावून बघितली. खाज नाही, पुरळ नाही, मग ट्यूब घेतली. झिंक ऑक्साइडवालं नाजूक त्वचेला सहसा सोसतं, पण बिनटिंटचं असेल तर आपल्या सावळ्या रंगावर पांढरट दिसतं, हे काकांनीच आधी सांगितलं.

लावायचं मात्र सढळ हाताने. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढाल तेवढं, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. रोज लावूनही ५० ग्रॅमची ट्यूब तीन-तीन महिने पुरत असेल तर तुम्ही चाटण लावताय. स्कार्फ घासून ते पुसलं जातं, त्यामुळे शाळेत पोचल्यावर मी परत लावते. उन्हात असाल तर दर दोन तासांनी. कारने जाणाऱ्यांनीही लावा, साध्या काचेतून यूव्हीए बराच आत येतो. आणि ट्यूब स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, तापून खराब होते. एक्स्पायरी बघायचं तर राहिलंच सांगायचं: ती कधीकधी फक्त खोक्यावरच नीट वाचता येते आणि खोकं आपण पहिल्याच दिवशी टाकतो, म्हणून तारीख ट्यूबवर पेनाने लिहून ठेवा.