मांजरपाटाचे पंख

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात लहानपण गेल्यामुळे कोणतेही कापड आधी चिमटीत धरून पाहण्याची खोड मला लागली आहे, आणि विल्बर राईट यांच्याविषयी वाचतानाही माझे लक्ष इंजिनापेक्षा पंखांवरच्या कापडाकडेच अधिक गेले.

विल्बर यांचा जन्म १८६७ मधला. धाकटे बंधू ऑर्विल यांच्यासह ते अमेरिकेत डेटन येथे सायकलींचे दुकान चालवीत. १९०० मध्ये ग्लायडर (बिनइंजिनाचे विमान) उडवण्यासाठी ते समुद्रकाठच्या किटी हॉक या गावी निघाले, तेव्हा वाटेत त्यांना पंखांसाठी हव्या त्या १८ फुटी लाकडी पट्ट्या मिळाल्या नाहीत आणि १६ फुटींवर भागवावे लागले. घरून बेतून आणलेले साटीन अर्थातच मोठे पडले. मग गावातल्या टेट कुटुंबाचे शिवणयंत्र मागून घेऊन विल्बर यांनी ते पुन्हा कापले, शिवले. हंगाम संपल्यावर ग्लायडर तिथेच टाकून दिले गेले, आणि टेटबाईंनी त्याच साटीनचे आपल्या दोन मुलींना फ्रॉक शिवले. (माझ्या आईनेही हेच केले असते.)

१९०३ च्या विमानाला मात्र कोरा मांजरपाट लावला होता, तोही उरेब, म्हणजे धागे तिरके ठेवून. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याने ओढले तर हटत नाही, तिरके ओढले की लगेच ताणते, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पंखाच्या सांगाड्यातील पट्ट्या आणि फासळ्या एकमेकींना काटकोनात असतात. कापडाचे धागे त्यांच्याशी ४५ अंशांत बसवले, की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताण घेणारे असंख्य आधार वजन न वाढवता मिळतात. उरेब कापण्यात कापड वाया जाते, पण ती नासाडी या बंधूंनी डोळसपणे पत्करली असे मला वाटते.

१७ डिसेंबर १९०३ रोजी ऑर्विल १२ सेकंदांत १२० फूट उडाले. चौथ्या खेपेस विल्बर यांनी ५९ सेकंदांत ८५२ फूट अंतर कापले. पुढे १९०८ मध्ये फ्रान्समधील उड्डाणांनी युरोप थक्क झाला. नंतरची वर्षे मात्र पेटंटच्या खटल्यांत गेली, आणि १९१२ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी विषमज्वराने विल्बर यांचा अंत झाला.

त्या मांजरपाटाचा एक तुकडा १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर घेऊन गेले. त्याचे छायाचित्र मी वडिलांना दाखवले, तेव्हा त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन ते बराच वेळ निरखले आणि उभ्या सुताच्या जाडीचे माप विचारले, “ताण्याचा काउंट किती?”