पेरणी एक, अनुदान भलत्याच एकरांवर

अमेरिकेत काउंटीच्या फार्म सर्व्हिस एजन्सीकडून पीएलसीचे (बाजारभाव ठरलेल्या दराखाली गेला तर फरक भरून देणारी सरकारी योजना) पैसे येतात, ते पेरलेल्या एकरांवर नाही, तर कागदावरच्या ‘बेस’ एकरांवर, म्हणजे पूर्वीच्या पेरणीवरून शेताच्या नावे नोंदलेल्या एकरांवर. घोळ इथेच होतो.

२०१९ चा मका घ्या. योजनेत ठरलेला संदर्भ दर बुशेलला (धान्याचं माप, मक्याचे साधारण २५ किलो) ३.७० डॉलर, हंगामाचा सरासरी बाजारभाव ३.५६, फरक १४ सेंट. बेस १०० एकर, नोंदलेला उतारा एकरी १२० बुशेल. पैसे ८५ टक्के एकरांवरच, म्हणून ०.१४ × १२० × ८५ = १,४२८ डॉलर. त्यातून सरकारी कपात वेगळी. तेही ऑक्टोबर २०२० नंतर, कारण सरासरी ठरायला विक्रीवर्ष संपावं लागतं.

एडी-१०२६ अर्ज राहिला, तर सगळंच अडकतं. धूप होणारी आणि पाणथळ जमीन जपण्याचं हमीपत्र ते. भागीदारीत तर प्रत्येकाचे कागद तपासाच.