छोट्या ट्रेलरमध्ये लाईट-पाण्याच्या कनेक्शनशिवाय राहणं: माझा अनुभव

आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, अगदी छोटा, एका अ‍ॅक्सलचा, आत दोघंही एकदम उभे राहिलो तर एकाला पलंगावर बसावंच लागतं. कॅम्पग्राउंडवर जाऊन प्लग लावायचा, पाइप जोडायचा आणि निवांत राहायचं एवढीच सवय होती. मग डोक्यात आलं की यातलं काहीच नसेल अशा जागी राहून बघूया. नवरा लगेच सोलर पॅनल शोधायला बसला, पण माझं म्हणणं होतं की आधी आपण किती वीज खातो ते तर बघू, पॅनल काय नंतरही येईल. म्हणून रंगीत तालीम घरासमोरच केली, मेन केबल काढून टाकली आणि रात्री ट्रेलरमध्येच झोपलो (शेजाऱ्यांना वाटलं आमचं भांडण झालंय).

त्याआधी बॅटरीला शंटवाला मॉनिटर बसवून घेतला आणि माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू हीच. नुसत्या व्होल्टेजवर विश्वास ठेवू नका, काहीतरी चालू असलं की ते खाली दिसतं, चार्जिंग चालू असलं की उगाच वर. शंट मात्र पासबुकासारखा, किती अँपिअर आत आले किती बाहेर गेले सगळं लिहून ठेवतो. तर मी सगळे दिवे बंद केले, पंप बंद, फॅन बंद, आणि स्क्रीनकडे बघितलं तर तरीही अर्धा अँपिअर जातच होता! गॅस डिटेक्टर, फ्रिजचं कंट्रोल बोर्ड, रेडिओ, हे सगळे गुपचूप खात असतात. अर्धा अँपिअर म्हणजे 24 तासांत 12 अँपिअर-अवर. आमची तेव्हाची बॅटरी लेड-अ‍ॅसिड, 100 अँपिअर-अवरची, आणि ती निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य कमी होतं, म्हणजे हातात 50च. त्यातला जवळपास पाव भाग काहीही न करता गेला. रेडिओचा फ्यूज त्याच रात्री काढला, डिटेक्टरला मात्र हात लावायचा नाही.

फ्रिज थ्री-वे आहे, म्हणजे घरच्या लाईटवर, 12 व्होल्टवर (म्हणजे बॅटरीवर) आणि गॅसवर चालणारा. 12 व्होल्टवर तो 10 अँपिअरच्या आसपास खातो, ते सेटिंग फक्त गाडी चालू असताना वापरायचं. मुक्कामी गॅसच, आणि गॅस फारच थोडा जातो. पण हा फ्रिज सपाटीवर उभा पाहिजे, कललेला असला की नीट थंड होत नाही, खराबही होऊ शकतो. आणि रानात सपाट जागा कुठून आणणार? मग क्रम असा ठरला: गाडीला जोडलेला असतानाच खालच्या बाजूच्या चाकाखाली ठोकळे सरकवून डावी-उजवी पातळी करायची, मग दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचर लावायची, त्यानंतरच गाडी सोडवायची आणि पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी. पाचर लावायच्या आधी गाडी सोडवली तर ट्रेलर उतारावरून एकटाच फिरायला निघेल. छोटी स्पिरिट लेव्हल मी फ्रिजच्या आतच ठेवते, जिथे पातळी हवी तिथेच मोजलेली बरी.

सोलर शेवटी घेतलंच, पण छपरावर न लावता सुटं, लांब आणि जाड वायरचं. कारण ट्रेलर सावलीत हवा आणि पॅनल उन्हात हवं, छपरावर लावलं की दोन्ही जमत नाही. 100 वॅटचं पॅनल, भर उन्हात 5 अँपिअरच्या आसपास देतं. एकदा कॉफी पिताना बघते तर आकडा धाडकन एकच्या खाली, म्हटलं वायर सुटली की काय, बाहेर जाऊन पाहिलं तर एका फांदीची सावली पॅनलच्या फक्त कोपऱ्यावर आली होती. पॅनल हातभर सरकवलं, आकडा परत जागेवर. कॉफीचं पाणी अर्थात गॅसवर, इन्व्हर्टरवर 1000 वॅटची केटली लावली तर बॅटरीतून 90 अँपिअरच्या आसपास ओढते, ते लाड इथे नाहीत.

थंडीची गोष्ट वेगळीच. हीटर गॅसवर चालतो पण त्याचा पंखा बॅटरीवर, तीन-चार अँपिअर धरा. सिलेंडर भरलेला असूनही पहाटे पंखा फिरायचा बंद झाला तर गॅसचा उपयोग शून्य! म्हणून थर्मोस्टॅट खाली आणि पांघरुणं जाड. खिडकी मात्र थोडी उघडीच, नाहीतर श्वासाच्या वाफेने सकाळी भिंतींना पाणी सुटतं. शेगडी पेटवून ट्रेलर गरम करायचा विचारही नको, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही, अलार्म चालू आहे ना बघूनच झोपायचं. आणि तळाशी गॅससाठी झरोके असतात त्यावर पायपुसणं टाकू नका, हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच बाहेर पडतो. सिलेंडर प्रोपेनचा घ्या, ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ आलं की वायू व्हायलाच तयार नसतं.

पाण्याचं मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. ताटं आधी कागदाने पुसायची, मग स्प्रेच्या बाटलीने धुवायची. अंघोळ म्हणजे अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग परत नळ. गरम पाणी येईपर्यंतचं गार पाणी पातेल्यात धरायचं. नळ बंद असताना पंप मधेच टर्रर्र वाजला तर कुठेतरी गळतंय, लगेच शोधा.

बॅटरी नंतर लिथियमची केली, तीही पुरते (शून्याखाली मात्र तिला चार्ज करायचं नाही). तरी शेवटी घरी परतायला लावतं ते टॉयलेट. त्याची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी टाकी, साधारण 18 लिटरची, दोघांत तीन-एक दिवसांत भरते, आणि ती रिकामी करायची तर ठरलेल्या डंप पॉइंटलाच, रानात ओतणं म्हणजे निव्वळ घाणेरडेपणा. म्हणून आता एक रिकामी कॅसेट जास्तीची नेतो. भरलेली कुठे ठेवायची यावर मात्र आमचं अजून एकमत नाही, नवरा म्हणतो गाडीच्या डिकीत, मी म्हणते तुझी गाडी तूच चालव मग.