आईचा नोकिया आणि माझ्याच कॉम्प्युटरने नाकारलेली परवानगी

आईचा फोन म्हणजे नोकिया 2700 क्लासिक. बीएल-5सी बॅटरी फुगल्यामुळे मागचं झाकण बसत नाही, म्हणून त्याला रबरबँड. 5 चं बटण मनात आलं तर चालतं. आत तीनशेच्या वर नंबर, निम्मे देवनागरीत: ‘गॅसवाला नवा’, ‘ठाण्याची वहिनी’. ते नव्या अँड्रॉइडवर न्यायचे होते. सिमवर कॉपी करून बघितलं, तर अडीचशेला सिम भरलं आणि लांब मराठी नावांची शेपटं तुटली. कोपऱ्यावरचा मोबाइलवाला म्हणाला, “विंडोज आणा, मग बघू.” आमच्या घरात कित्येक वर्षं विंडोजऐवजी लिनक्स मिंट. मग मीही हट्टाला पेटले.

गॅमू नावाचा प्रोग्राम असल्या फोनशी बोलतो, तो टाकला. केबल जोडली, फोनने मोड विचारला तेव्हा ‘पीसी सुइट’ निवडलं. सिस्टिमच्या नोंदीत टीटीवायएसीएम0 हे पोर्ट, म्हणजे फोनशी बोलायचं दार, उमटलं, ते गॅमूच्या सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलं, कनेक्शनचा प्रकार ‘एटी’, म्हणजे मॉडेमना द्यायच्या कमांडची बोली. फोन ओळखायची कमांड दिली.

उत्तर: पोर्ट उघडता येत नाही, परवानगी नाही.

माझा कॉम्प्युटर, माझ्या आईचा फोन, आणि परवानगी कोणाची? शोधल्यावर कळलं, असली पोर्टं ‘डायलआउट’ नावाच्या गटाच्या मालकीची असतात आणि मी त्या गटात नव्हते. कमांड देऊन स्वतःला गटात टाकलं. पुन्हा तेच उत्तर. कमांडचं स्पेलिंग तपासलं, परत टाकलं. तेच. केबल काढली, घातली, दुसऱ्या यूएसबीत घातली. तेच. म्हटलं, सुडो लावून, म्हणजे सर्वाधिकार घेऊन, जबरदस्तीने चालवू. तर आता म्हणे सेटिंगची फाइलच सापडत नाही! कारण सुडो लावलं की गॅमू रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, फोल्डरमध्ये शोधतो आणि फाइल माझ्या फोल्डरमध्ये. तोवर रात्रीचे साडेअकरा. आई दारात येऊन म्हणाली, “अगं, वहीत उतरवून घेतले असते तर एव्हाना झाले असते.” ते खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

सकाळी कॉम्प्युटर सुरू केला आणि काहीही न बदलता तीच कमांड चालली. गटात टाकलेलं पुढच्या लॉगिनपासून लागू होतं. एवढंच! लॉग-आउट करून परत आत यायचं. ‘ग्रुप्स’ ही कमांड दिली असती तर आपण अजून गटात आलेलो नाही हे तिथेच दिसलं असतं. गटात टाकायची कमांड चुकली असती तर ती तसं बोलली असती. चुकली नाही म्हणून गप्प बसली, आणि माझी रात्र गेली.

हो, केबलचं सांगायचं राहिलं. काही मायक्रो यूएसबी केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. माझ्या पहिल्या दोन तसल्याच निघाल्या. नोंदीत काहीच उमटत नसेल तर आधी केबल बदला. आणि ‘डिव्हाइस बिझी’ आलं तर मॉडेममॅनेजर हा मागे चालणारा प्रोग्राम थोडा वेळ बंद करा. फोनला मॉडेम समजून तो पोर्टवर ठाण मांडतो. फोटोंसाठी गॅमूच्या वाटेला जाऊ नका, ‘डेटा स्टोरेज’ मोड निवडला की मेमरी कार्ड पेनड्राइव्हसारखं उघडतं.

गॅमूने सगळ्या नंबरांचा बॅकअप घेतला. त्याची व्हीसीएफ, म्हणजे नाव-नंबरांची, फाइल उघडली, शेवटपर्यंत खाली गेले. ‘ठाण्याची वहिनी’ शेपटीसकट शाबूत. मेसेज मात्र एटीवरून निघाले नाहीत. त्यासाठी ब्लूटूथवरून नोकियाच्या स्वतःच्या बोलीत, फोनेटमध्ये, जोडून बघायचंय. तो कार्यक्रम येत्या रविवारी.

नव्या फोनवर नंबर बघून आई खूश झाली. जुना फोन मात्र अजून उशाशीच असतो. गजर त्याचाच लागतो म्हणे.