ओहोटीला बोट बघितली, म्हणून वाचलो

खडकवासल्याच्या पाण्यात छोट्या शिडाच्या होडीवर शिकलो तेव्हापासून मनात होतं की कधीतरी स्वतःच्या बोटीने कोकण किनारा उतरत गोवा आणि पुढे कोचीपर्यंत जायचं. निवृत्तीनंतर बायको आणि मी दोघांनी मिळून ठरवलं की जुनीच घ्यायची, पण कॅटामरान घ्यायची. दोन हल, म्हणजे पाण्यात बसणारे शेजारी-शेजारी दोन लांबट सांगाडे, असल्यामुळे ती एका अंगावर कलत नाही आणि पाण्यात फार खोलही बसत नाही. गाळाने भरलेल्या आपल्या खाड्यांमध्ये हे फार महत्त्वाचं. नावाचं मूळही जवळचंच आहे, तमिळमधलं ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेली लाकडं.

अलिबागजवळच्या एका खाडीत ३८ फुटी, १७ वर्षं जुनी बोट विकायला होती. पुण्याहून खोपोली, पेण, वडखळ करत सकाळीच पोचलो. आत नव्या गाद्या, पांढराशुभ्र पॉलिश केलेला डेक. बायको स्वयंपाकघरातले कप्पे उघडून बघत होती तेव्हा मी इंजिनाचं झाकण उचललं आणि हेडवर हात ठेवला. गरम होतं. पिंपरीत ३० वर्षं डिझेल इंजिनांवर काम केलंय, त्यामुळे याचा अर्थ समजायला वेळ लागला नाही. गार इंजिन कसं सुरू होतं, हीच त्याची खरी परीक्षा असते. आम्ही येण्याआधीच कुणीतरी ते चालवून ठेवलं होतं. मी मालकाला म्हटलं, “आज राहू दे. पंधरा दिवसांनी येतो, तेव्हा इंजिनाला हात लावू नका.”

बोट राखणारे खलाशी काका तेव्हा जवळच होते. मालक गेल्यावर म्हणाले, “साहेब, पौर्णिमेला या. उधाणाची ओहोटी असते. बोट वाळूवर बसवून देतो, खालून सगळी दिसेल.” क्रेन नाही, बोटी दुरुस्तीचं यार्ड नाही, आणि साडेसहा मीटर रुंदीची बोट उचलणारी लिफ्ट आपल्याकडे शोधायची म्हणजे वेगळंच काम. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. या बोटीला दोन्ही हलांखाली आखूड कील, म्हणजे तळाखाली उतरलेले उभे कणे, होते, त्यामुळे ती सरळ बसू शकत होती.

पौर्णिमेच्या शनिवारी सोबत भोसरीचा मित्र होता. त्याचा फायबरग्लासच्या साच्यांचा कारखाना आहे. सकाळी दोन्ही इंजिनं गार असताना सुरू केली. डावं तिसऱ्या प्रयत्नात लागलं. पांढरा धूर आला, पण थोड्या वेळात गेला. दुपारी भरतीला खाडीबाहेर नेऊन पूर्ण थ्रॉटल दिलं. उजवं मिनिटाला ३१०० फेऱ्यांपर्यंत गेलं, डावं २६०० वरच अडलं आणि काळा धूर सोडू लागलं. इंजिन दमलंय की बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा अडलाय, हे पाण्यात कळणार नव्हतं.

इंजिनाची ताकद हलच्या तळातून खाली पंख्याला पोचवणारा जो भाग असतो, त्या सेलड्राइव्हचं तेल दांडीवर बघितलं तर दुधासारखं, म्हणजे पाणी आत शिरलेलं. हलमधून जिथे ते खाली उतरतं तिथे एक रबरी पडदा असतो. तो फाटला तर समुद्र थेट आत येतो. व्होल्व्हो पेंटाच्या सूचनांप्रमाणे तो दर ७ वर्षांनी बदलायचा. या बोटीचा एकदाही बदलल्याची पावती नव्हती. डोलकाठी धरणाऱ्या स्टेनलेसच्या ताराही मूळच्याच. एका हलची बोट जोराच्या वाऱ्यात कलते आणि वारा थोडा सोडून देते. कॅटामरान कलत नाही, सगळा जोर तारांवर येतो. १७ वर्षांच्या तारांवर मी तरी कोचीला जाणार नाही.

मित्र प्लास्टिकच्या हातोडीने डेक ठोकत चालला होता. टक, टक, टक, आणि डाव्या कठड्याच्या खांबापाशी आवाज एकदम भद झाला. मालकाला विचारून एक स्क्रू काढला. तपकिरी पाणी ओघळलं, आणि त्यामागून निघाला तो बाल्सा लाकडाचा चुरा, चहात बुडालेल्या खारीसारखा मऊ. दोन फायबरच्या थरांमध्ये हे हलकं लाकूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं, वरून पॉलिश तसंच चमकतं.

साडेचारला बोट वाळूवर टेकली. सहापर्यंत आम्ही तिच्याभोवती चालत होतो. डाव्या पंख्यावर कालवांचा जाड थर होता. म्हणजे २६०० चं कारण बहुधा हेच, आणि त्याबद्दल मला खरंच बरं वाटलं. तोवर वाटत होतं की पडदा, तारा, डेकचा तेवढा तुकडा, सगळ्याचा खर्च काढून भाव पाडू आणि घेऊ.

तेवढ्यात आतून बायकोने हाक मारली, “अहो, हे दार लागत नाहीये.” सकाळी पाण्यात असताना तेच दार सहज लागत होतं, म्हणजे वाळूवर टेकल्यावर बोट कुठेतरी वाकली होती. मित्राने दाराशेजारच्या आडव्या भिंतीची फळी काढली आणि टॉर्च मारला. प्लायवूडची ही भिंत दोन्ही हलांना जोडून धरते आणि डोलकाठीचा भार तिच्यावर येतो. तिला हलशी चिकटवणारी फायबरची पट्टी वीतभर लांबीत सुटली होती. माझं नख सहज आत गेलं. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “हे करता येतं. पण सगळं आतलं फर्निचर काढून, छपराखाली, महिने जातील.”

मालकाने लगेच किंमत बरीच उतरवली. बायकोने माझ्याकडे बघून मान हलवली, नाही. नऊच्या सुमारास भरतीने बोट पुन्हा तरंगली. काकांना खाडीत नांगर टाकायला मदत करून आम्ही निघालो.

आता कोचीला एक बघितली आहे, फोटोतच. तिथे भरती-ओहोटीत जेमतेम मीटरभर फरक, वाळूवर बसवून बघणं होणार नाही. म्हणून आधी एवढी रुंद बोट उचलणारं यार्ड शोधतोय, मगच तिकीट काढणार. मालकाला फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे: आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका.