दुसऱ्यांदा पाडायची इमारत

जुन्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटला, म्हणजे ती किती मजबूत उरलीय ते तपासायला गेलं की पहिला अर्धा तास चहा नाकारण्यात जातो. लालबागच्या त्या चार मजली इमारतीत कुणी चहा विचारलाच नाही. जिन्यात दोन घोळके उभे होते. एकाला मी बिल्डरची माणूस वाटत होते, तर दुसऱ्याला मी काम लांबवायला आलेली.

इमारत १९८०च्या दशकातली, म्हणजे माझ्याहून जेमतेम थोरली. त्या जागी आधी लाकडी चाळ होती. गिरणगावात नि गिरगावात अशा जागा पुष्कळ आहेत. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी १९४०च्या पातळीवर गोठली, मालकांनी दुरुस्तीतून हात काढून घेतला आणि चाळी कोसळू लागल्या. मग १९६९चा कायदा आला, दुरुस्तीसाठीचा कर म्हणजे उपकर आला, दुरुस्ती मंडळ आलं. टेकू लावूनही भागेना तिथं चाळ पाडायची, भाडेकरूंना तात्पुरतं संक्रमण शिबिरात धाडायचं आणि त्याच जागी आरसीसीची इमारत बांधायची. गाळे दीडशे-दोनशे चौरस फुटांचे. आता म्हाडाच्या अशाच ३८८ पुनर्रचित इमारती पुन्हा पाडून बांधता याव्यात म्हणून विकास नियमावलीत ३३(२४) हे वेगळं कलम आहे.

हातोडीनं ठोकत वर चढत गेले. पुढच्या बाजूचे खांब खणखणीत वाजत होते. मागच्या बाजूला, संडासाचे पाइप जातात त्या डक्टजवळ, आवाज बद्द झाला. तिथं खांबाचा कोपरा फोडून फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. निरोगी काँक्रीट क्षारधर्मी असतं, ते लगेच गडद गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की क्षार संपतात, रंग येत नाही आणि सळीचं संरक्षण जातं. घोळक्यातली पोरं मोबाइल धरून उभी होती. आम्ही सळीपर्यंत खोदलं, सळीच्या मागेही खोदलं. रंग नाहीच. सळी तर नखानं पापुद्रे निघावेत अशी झाली होती.

‘‘हलकं काम, दुसरं काय!’’ मागून एक काका म्हणाले. मला हे उत्तर फार सोपं वाटतं. १९७८च्या भारतीय मानकात स्लॅबच्या सळीवर १५ मिलिमीटर काँक्रीटचं कव्हर चालत होतं. २०००च्या मानकानं किनारपट्टीच्या तीव्र हवेसाठी ते ४५वर नेलं. त्या काळच्या नियमानं चोख बांधलेली इमारतही मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत आज कुरकुरली असती. पण मग पुढचे खांब शाबूत कसे? हवा तर त्यांनाही तीच. फरक होता तो गळक्या पाइपाचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्या मोरीचं दार उघडून दाखवलं. वरून थेंब पडत होते, खाली बादली. सत्तरी कधीच ओलांडलेली असावी. लग्न होऊन आल्या त्या जुन्या चाळीतच.

‘‘चाळ पाडली तेव्हा सागाच्या तुळया ट्रक भरून गेल्या, बाय. धड होत्या सगळ्या. मग पाडली कशाला?’’

‘‘भिंतीत गेलेली टोकं कुजली असतील, आजी. मोरीकडची.’’

त्या थोडा वेळ बादलीकडे बघत राहिल्या. ‘‘होय. मोरीकडचीच.’’

हा पाइप बदलायला किती लागले असते? सगळ्या मजल्यांनी वर्गणी काढली असती तर एका गणपतीच्या मांडवापेक्षा कमीच. पण इमारत रहिवाशांच्या नावावर नाही, त्यामुळे ते म्हणतात मालकानं करावं. मालक सरकारी, नि घरामागची मासिक वसुली इतकी किरकोळ की तिच्यातून प्लंबरही नीट येणार नाही. चाळीच्या वेळी हात वर करायला खाजगी मालक होता, एवढाच बदल.

संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. मागची बाजू राहण्याजोगी नाही, डक्टलगतच्या खोल्या तातडीनं रिकाम्या करा, असं मी स्पष्ट सांगितलं. चर्चा लगेच चौरस फुटांवर गेली. वरळीच्या बीडीडी चाळवाल्यांना १६० चौरस फुटांचे ५०० मिळाले, मग आम्हाला का कमी? प्रश्न रास्तच होता. मी विचारलं, टॉवर झाल्यावर लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, बाहेरून पाइप दुरुस्त करायचा तर झुला, याचा महिन्याचा खर्च कुणी मांडलाय का? देखभालीसाठी मिळणारा निधी, म्हणजे कॉर्पस, किती नि किती वर्षं पुरेल? सेक्रेटरी हसले. ‘‘आधी घर तर मिळू दे, मॅडम.’’ खरं सांगायचं तर करारनाम्यात माझ्या मते पहिलं वाचायचं कलम तेच, आणि ते कुणी वाचत नाही.

मग पुनर्विकासाची संमतिपत्रं फिरली. आजींनी सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: शिबिरात जाणार नाही, भाडं द्या. पहिल्या खेपेला ‘दोन वर्षांसाठी’ म्हणून नेलं होतं. परतल्या तेव्हा कडेवरचा मुलगा आठवीत होता.

‘‘आजी, अट घातलेली संमती मोजत नाहीत,’’ सेक्रेटरी म्हणाले.

‘‘मग नको मोजूस,’’ म्हणून त्यांनी पेन परत दिलं.